देवघरातली मधाची बाटली

मानवजातीचं सातत्य साखरेवर टिकून आहे.

हे वाक्य मी माझ्या निरोपसमारंभात, हातात नारळ आणि खांद्यावर शाल असताना, शक्य तितक्या गंभीरपणे म्हटलं. पुढच्या रांगेत बसलेल्या आमच्या लॅबच्या मालकांनी, म्हणजे डॉक्टरसाहेबांनी, हातातली इमरती हळूच बशीत परत ठेवली. मी त्यांच्या डायबिटीसबद्दल बोलतेय असं त्यांना वाटलं. मग मी ते वाक्य तिथंच सोडलं, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले. दिवाळी अंकानं आता पानं दिली आहेत, तर ते पुरं करते.

मी ग्वाल्हेरला, दाना ओलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकतीस वर्षं तंत्रज्ञ होते. रक्त, लघवी, थुंकी सगळं पाहिलं. पण एक विभाग हळूहळू कायमचा माझ्याकडे आला, कारण तो दुसऱ्या कोणालाच नको होता. तो म्हणजे वीर्यतपासणी. मला हा शब्द लिहायला आता काही वाटत नाही, पण माझ्या आईनं तो जन्मात उच्चारला नाही. कोणी विचारलं की ती सांगायची, "सुनीता रक्त तपासते." शेवटी शेवटी तिला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं आणि ती माझ्याकडून हिमोग्लोबिनबद्दल सल्ले घ्यायची.

आता साखरेचं. शुक्रजंतू हा प्राणी नव्हे, पेशी आहे. पण त्याला प्रवास करावा लागतो आणि प्रवासाला शिदोरी लागते. ती शिदोरी म्हणजे फ्रुक्टोज, फळांत आणि मधात असते ती साखर. शुक्रजंतू तयार होतात एका ठिकाणी आणि ही साखर त्यांना मिळते वाटेत, शुक्राशय नावाच्या दोन छोट्या पिशव्यांतून. एकूण द्रवाचा मोठा भाग या पिशव्यांचाच. शरीरात सगळीकडे ग्लुकोज चालत असताना इथंच फ्रुक्टोज का, हे मी बऱ्याच मोठ्या लोकांना विचारलं. मोठ्या लोकांनी बरीच मोठी उत्तरं दिली. माझं समाधान झालेलं नाही.

साखरेचं काम शिदोरीवर संपत नाही. शुक्रजंतूच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्यांचं एक आवरण असतं. ते नसेल तर स्त्रीच्या शरीरातल्या पहारेकरी पेशी त्याला परका समजतात. बीजाच्या कवचावरही अशाच साखळ्या असतात आणि त्यांच्यावरून शुक्रजंतू आपलं ठिकाण ओळखतो, असं म्हणतात. हे मी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत वाचलं आणि थोडी चकित झाले. म्हणजे पत्रिका जुळण्याच्या कितीतरी आधी आणखी काहीतरी जुळावं लागतं, आणि त्याला गुरुजी लागत नाहीत.

माझा संबंध मात्र शिदोरीशी. ती तपासायची रीत जुनी आणि सोपी आहे. एका नळीत नमुन्याचे काही थेंब, त्यावर रिसॉर्सिनॉल आणि हायड्रोक्लोरिक ॲसिड, आणि नळी उकळत्या पाण्यात उभी करायची. साखर असेल तर थोड्या वेळात नारिंगी-लाल रंग चढतो. नसेल तर काहीच होत नाही. मानवजातीच्या सातत्यासंबंधी माझं एकतीस वर्षांचं योगदान म्हणजे नळीकडे बघत उभं राहणं.

लोक तऱ्हेतऱ्हेचे यायचे. एका जुन्या सरदार घराण्यातल्या गृहस्थांच्या पदव्या एवढ्या होत्या की डबीच्या लेबलवर त्याच मावल्या, नाव राहून गेलं. रिपोर्ट 'सामान्य' आला. त्यावर ते नाराज झाले. आमच्या घराण्यात सामान्य असं काही नसतं, दुसरा शब्द लिहा, म्हणाले. मी त्यांना सांगितलं, "साहेब, या तपासणीत सामान्य ही सगळ्यात वरची पदवी आहे." त्यांनी थोडा विचार केला आणि रिपोर्ट घडी करून शेरवानीच्या आतल्या खिशात ठेवला. मुरैन्याहून एक जण नमुना बर्फात घालून घेऊन आला, कुल्फीसारखा, कारण लांबून आणायचं म्हणजे खराब व्हायला नको. शुक्रजंतूंना अंगाची ऊब लागते. ते सगळे गारठून गप्प पडलेले होते. मी त्यांना दोष दिला नाही.

खरं तर नमुना लॅबमध्येच द्यायचा असतो. पण आमची लॅब दुसऱ्या मजल्यावर, खाली बांगड्यांचं घाऊक दुकान, आणि दोघांत मिळून जिन्याच्या वळणावर एकच संडास. आत माणूस जरा जास्त वेळ राहिला की बांगडीवाले दार ठोकायचे. अशा परिस्थितीत मानवजातीचं सातत्य अवघड असतं. म्हणून आसपासच्या लोकांना आम्ही डबी घरी द्यायचो आणि अर्ध्या तासात परत आणायला सांगायचो. सोबत हिंदीत छापलेला एक कागद. त्यातल्या आठही सूचना माझ्या. चौथी मी ठळक अक्षरांत छापून घेतली होती: डिब्बे में पानी या साबुन बिलकुल न लगे. पाण्यानं शुक्रजंतू फुटतात आणि साबणानं मरतात. या सूचनेचा मला अभिमान होता. आता ज्यांच्यामुळे हा लेख लिहायला घेतला, त्यांच्याकडे येते.

मुकुंदगुरुजी दिवसा शाळेत संस्कृत शिकवायचे आणि सकाळ-संध्याकाळ आमच्या मराठी घरांतून पूजा सांगायचे. घराणंच पुरोहितांचं, दक्षिणेतून दरबारासाठी आणलेलं. दरबार गेला, पूजा राहिल्या. माझ्या घरचा सत्यनारायण तेच सांगत. वयानं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, तरी मी त्यांना गुरुजी म्हणायची आणि पूजेनंतर वाकून नमस्कार करायची. लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नव्हतं. त्यांच्या बायकोच्या, रेणुकाच्या, सगळ्या तपासण्या झाल्या होत्या, काही तर दोनदा. मग कोणीतरी धीर करून गुरुजींना आमच्याकडे पाठवलं.

काउंटरवर मी आहे हे बघून ते एक पायरी मागे सरले. ज्या हातांतून मी तीर्थ घेतलं होतं, त्याच हातांत मी ती डबी आणि कागद दिला. दोघांनीही छताकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डबी ठेवून निघून गेले.

नमुन्यात एकही शुक्रजंतू नव्हता. अशा वेळी प्रश्न असतो की माल तयारच होत नाही, की तयार होतो पण बाहेर यायला रस्ता नाही. साखरेची तपासणी इथं उपयोगी पडते. काही पुरुषांत जन्मतःच शुक्रजंतू बाहेर आणणारी नळी नसते आणि बहुतेकदा शुक्राशयही नसतात. मग साखर येत नाही, द्रव अगदी थोडा येतो आणि तो आम्लधर्मी असतो. गुरुजींचा नमुना जेमतेम अर्धा मिलिलिटर होता. कागदी पट्टीनं आम्ल दाखवलं. आणि काचेच्या नळीत लाल रंग आला, चांगला चढलेला, शालूसारखा.

दोन गोष्टी एक सांगत होत्या आणि तिसरी दुसरंच. इथं थांबायला हवं होतं. मी स्वतःची समजूत घातली की संकोचामुळे थोडं सांडलं असेल. मला तो रंग जास्त विश्वासाचा वाटला, कारण तो मी काढला होता. फ्रुक्टोज आहे, असं लिहून मी रिपोर्ट डॉक्टरसाहेबांच्या गठ्ठ्यात ठेवला. त्यांनी चहा पिता पिता सही केली.

ज्या डॉक्टरांकडे गुरुजी तो रिपोर्ट घेऊन गेले, त्यांनी साखर आहे म्हणजे रस्ता आहे असं धरून निदान केलं की कारखानाच बंद आहे. शरीरातली ती नळी आहे की नाही हे बोटांनी चाचपून कळतं. पण गुरुजी एका पूजेहून तसेच गेले होते, कपाळाला गंध होतं, आणि डॉक्टरांना संकोच वाटला, असं नंतर कळलं. गुरुजींनी निकाल मान्य केला. नशिबाच्या बाबतीत ते तसे सरावलेले होते, दुसऱ्यांना रोज समजावून सांगायचे.

दोन वर्षं गेली. एक दिवस दुपारी रेणुका एकटीच जिना चढून आली. तिला त्या रिपोर्टची दुसरी प्रत हवी होती.

"दादानं तिकडे माहेरी, सागरला, वकील बघितला आहे मावशी," ती म्हणाली. "तो म्हणतो ओरिजिनल चाहिए, नहीं तो दुसरी कॉपी."

मी विचारलं, वकील कशाला. ती काउंटरवरच्या पेनाचं टोपण काढत-घालत होती.

"आमचे हेच म्हणतात मला, तू जा. अजून वय आहे, दुसरं लग्न कर. मी रोज लोकांना अखंड सौभाग्य, पुत्रपौत्र म्हणून आशीर्वाद देतो आणि घरी येऊन तुझ्याकडे बघतो, म्हणे." टोपण खाली पडलं. "मला नाही जायचं. पण दोन वर्षं एकच गोष्ट ऐकून ऐकून माणूस परेशान होतो ना."

मी रजिस्टर काढलं. माझंच अक्षर. अर्धा मिलिलिटर. आम्ल. फ्रुक्टोज आहे. दोन वर्षांनी वाचताना त्या तीन नोंदी एकमेकींशी भांडत असलेल्या मला स्पष्ट दिसल्या. मी तिला विचारलं, त्या दिवशी काही सांडलं होतं का.

"बिलकुल नाही. बाटलीतून डबीत ओतताना डबी मीच धरली होती."

"कुठल्या बाटलीतून?"

"आईंनी दिली होती ती. देवघरातली, मधाची." आई म्हणजे तिच्या सासूबाई, शांताकाकू. "त्या म्हणाल्या, वंशाचं काम आहे, प्लास्टिकमध्ये नको. मग नंतर तुमच्या डबीत ओता, लॅबवाल्यांना बुरा नाही वाटायला पाहिजे."

मी विचारलं, "धुतली होती?"

ती माझ्याकडे जरा रागानंच बघायला लागली. "धुणार कशी? तुम्हीच लिहिलं होतं ना, पानी-साबुन बिलकुल न लगे. आईंनी सोवळ्याच्या फडक्यानं कोरडी पुसून दिली. दोन वेळा."

मी तिला प्रत दिली नाही. प्रिंटर बिघडलाय, दोन दिवसांनी ये, असं सांगितलं. प्रिंटर माझ्या पाठीमागे रिपोर्ट काढत होता. तिनं तो पाहिला आणि जिना उतरून गेली.

त्या संध्याकाळी मी माझ्याच देवघरातली पंचामृताची मधाची बाटली रिकामी केली, कोरड्या फडक्यानं दोन वेळा पुसली, आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्यात थोडं सलाईन फिरवून त्याची तपासणी केली. सलाईनमध्ये मीठ आणि पाणी याशिवाय काही नसतं. नळी शालूसारखी लाल झाली.

डॉक्टरसाहेबांना सांगितलं. ते माणूस वाईट नाहीत, फक्त लॅबचे मालक आहेत. म्हणाले, "मैडम, दो साल पुरानी बात है, रहने दीजिए. ग़लती हमारी नहीं, शीशी की है." त्यांचं कायद्यानं बरोबर असेल. पण बाटलीनं रिपोर्ट लिहिला नव्हता.

गुरुजींचं घर लॅबपासून तीन गल्ल्यांवर. मी गेले तेव्हा ते आतल्या खोलीत मुलांच्या वह्या तपासत होते. मी आल्याचं कळल्यावर दार पुढे लोटलं गेलं. मला ओसरीवर शांताकाकूंनी पाट दिला. काकू सत्तरीच्या, दोन वेळच्या सोवळ्यानं आणि एका वेळच्या जेवणानं काटक झालेल्या. मी आधी माझी चूक सांगितली, मग बाटलीचं. सांगताना लोटलेल्या दाराला ऐकू जाईल एवढा आवाज ठेवला. रेणुका स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होती.

काकूंनी देवघराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या देवघरातून खोटं गेलं."

"नाही काकू. खोटं माझ्या टेबलावरून गेलं. द्रव थोडा होता, आंबट होता, मला दिसत होतं. मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

"का गं?"

मी खरं ते सांगितलं. "गुरुजींना असलं विचारायची लाज वाटली."

काकूंनी मान हलवली, जणू हे एवढं एकच त्यांना नीट समजलं होतं. मी पुढं सांगितलं की पुन्हा तपासलं तरी निकाल तोच येऊ शकतो. मी आशा द्यायला आलेली नाही, फक्त माझा कागद परत घ्यायला आले आहे. आतून गुरुजींचा आवाज आला. तो पूजा सांगतानाचा स्वच्छ आवाज नव्हता.

"सुनीताताई, आता पुन्हा नको. एकदा मनाची तयारी करायला दोन वर्षं लागली."

मी चहा घेतला आणि निघाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी लॅब उघडते आहे तोवर जिन्यावर तिघं हजर. पुढे काकू, गुडघ्यांवर हात टेकत, मध्ये गुरुजी, शाळेच्या कपड्यांत, मागे रेणुका. गुरुजींना पळून जायला दोन्ही बाजूंनी वाव नव्हता. काकूंनी खालच्या बांगडीवाल्यांना बजावून ठेवलं होतं की संडासाच्या दाराला कोणी हात लावायचा नाही. कारण काय सांगितलं ते मी विचारलं नाही. माझ्यासमोर त्या आपल्या मुलाला एवढंच म्हणाल्या, "मुकुंदा, ह्या खेपेला त्यांच्या डबीत."

त्या सकाळी मी दोन नळ्या लावल्या. एक गुरुजींची, एक दुसऱ्या एका पेशंटची, ज्याला साखर आहे हे मला माहीत होतं. पाणी उकळलं. दुसरी नळी नारिंगी झाली, मग लाल. गुरुजींची नळी तशीच राहिली. मी तपासणी पुन्हा केली. पुन्हा तसंच, फिकट, पाण्यासारखं. इतकी वर्षं रंग यावा म्हणून नळीकडे बघत होते. त्या दिवशी येऊ नये म्हणून बघत होते.

बाहेर बाकावर रेणुका होती. मी म्हटलं, "रंग आला नाही."

तिचा चेहरा पडला. "मतलब, तेपण नाही?"

तिच्यासाठी आधी शुक्रजंतू नव्हते, आता साखरही नाही, असा हिशेब होता. मी तिच्याशेजारी बसून सांगितलं की साखर नाही म्हणजे बहुधा रस्ताच नाही. आणि रस्ता नसेल तर कारखान्याची चौकशी अजून कोणी केलेलीच नाही. ती जाऊन आता करायची. तिनं हे गुरुजींना सांगितलं नाही; काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "मग वकिलाला कळवून टाक, नको म्हणावं."

इंदूरच्या एका डॉक्टरांनी गुरुजींना हात लावून तपासलं आणि पाच मिनिटांत सांगितलं की दोन्ही नळ्या जन्मापासूनच नाहीत. हार्मोन ठीक होते. अशा माणसांच्या मुलांत एक आजार उतरण्याचा संभव असतो, म्हणून नवरा-बायको दोघांचीही रक्ततपासणी झाली. रेणुकाची स्वच्छ आली. मग सुईनं थेट आतून शुक्रजंतू काढले. होते. कारखाना इतकी वर्षं इमानानं चालू होता, गुरुजींना न कळवता. प्रयोगशाळेत एकेक शुक्रजंतू बीजात सोडायचा, असा तो उपचार. शिदोरी नाही, प्रवास नाही, ओळख पटवणं नाही. माझी साखर या सगळ्यात कुठंच लागत नाही, हे मी जाता जाता नमूद करते. पहिली खेप फुकट गेली. त्या महिन्यात मी त्या गल्लीतून जायचं टाळलं. दुसऱ्या खेपेला दिवस राहिले आणि मुलगी झाली.

बारशाला मी गेले. गुरुजींनी मला नमस्कार केला, मी त्यांना केला, आणि या वेळी दोघांपैकी कोणीही छताकडे पाहिलं नाही. रेणुकानं त्या दोन वर्षांबद्दल मला कधी एक शब्द ऐकवला नाही. मी एकदा विषय काढला, तर म्हणाली, "मावशी, प्रिंटर तो चल रहा था ना उस दिन?" आणि हसली. काकू मात्र मला दर वर्षी न चुकता पंचामृत पाठवायच्या, स्टीलच्या डब्यात. त्या गेल्या त्या वर्षी ते गुरुजी घेऊन आले.

नोकरीत माझ्या हातून आणखी चुका झाल्या असणार. त्या जिना चढून परत आल्या नाहीत, एवढंच. ही आली, वेळेत आली, आणि आल्यावर मला पाट आणि चहा मिळाला. निरोपसमारंभात मला हेच सांगायचं होतं की माझ्या धंद्यात माणूस उपकार करतो असं लोकांना वाटतं, पण हिशेब काढला तर ते माझ्यावरच जास्त निघतात. तोवर इमरतीचा प्रकार घडला.

लॅब आता ग्वाल्हेरच्याच हरिशंकरपुरममध्ये आहे, नमुना द्यायला स्वतंत्र खोली आहे, दाराला आतून कडी आहे, आणि दार कोणी ठोकत नाही. माझा सूचनांचा कागद अजून तोच आहे. त्यात त्या वर्षी मी नववी सूचना घातली: शहद की शीशी में न लाएँ, चाहे पूजा की हो. नवीन तंत्रज्ञांना तिचा अर्थ लागत नाही. त्यांना ती माझी अंधश्रद्धा वाटते, पण वयाचा मान ठेवून त्यांनी ती काढलेली नाही. मागच्या महिन्यात एका गृहस्थांनी ती वाचून लॅबला फोन केला आणि विचारलं, मुरब्ब्याची चालेल का.